खंडेनवमीचं पिस्तूल

भाद्रपद वद्य अष्टमी, शके १८५९

पिस्तूल आलं! परवाना धुळ्याहून चैत्रातच मिळाला होता. तळहातात मावेल एवढंसं, पण वजन मनात उतरतं. दुकानदार म्हणाला, "कोणाकडून तरी शिकून घ्या." मी? शहाद्याच्या जिनिंगमधली इंजिनं खोलायला मला कोणी शिकवलं होतं?

वद्य दशमी

दुपारी नाल्यात. पंचवीस पावलांवर मडकं. आधी नळीवर पावलीचं नाणं ठेवून रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढायचा — पावली पडली की हात कच्चा. आठ वेळा पडली. घरी येऊन साफसफाई. बांबूची काडी, मलमलीची चिंधी, शिवणयंत्राचं तेल तीन थेंब. चार नाही!

सौ. म्हणाली, "लोखंडले इतलं न्हावाडतस, भाऊले ते इचारत नहीत!"

भाऊ! चार बोटं बांध सरकवला त्याने. आणि वर चारचौघांत — "बांधवर पाय ठेवा ते जित्ता नही सोडसू, नाना!" हा दोधू. ह्याला गोफण धरायला मी शिकवलं.

सर्वपित्री अमावास्या

वडिलांचं पान आमच्याकडेही, दोधूकडेही. एकच कावळा दोन्ही घरी जेवला.

आश्विन शुद्ध पंचमी

पावली पडत नाही आता! एकदाही नाही.

गोमाई नदीवर धुरकट ऊन, शेतात बोंडं उमलून पांढरं पांढरं झालेलं. फार वेळ नेम धरला की मडकं जागेवरून सुटतं, हवेत तरंगतं. मग त्याला तोंड येतं. आज ते झोपलेलं होतं — ज्वारीच्या माळ्यावर पाखरं राखताना दोधू माझ्या मांडीवर झोपायचा, तसं. गोळी झाडली नाही. वाचवली, असं लिहून ठेवतो.

शुद्ध नवमी, खंडेनवमी

इंजिनाचे पाने, पेचकस, पिस्तूल — सगळं पाटावर मांडलं. पिस्तूल भरलेलंच. रिकामं हत्यार कसलं? सौ.ला त्याला हात लावू दिला नाही, तिचा हात कुठेही जातो. कुंकू, अक्षता मीच वाहिल्या. आता दसरा होईपर्यंत हत्यार उचलायचं नाही. तेलाशिवाय पहिलाच दिवस! करमत नाही.

दसरा

दिवस बुडताना बांधावरून कोणी येताना दिसलं. धूळ सोन्यासारखी. त्यात माणूस अर्धा चालतोय, अर्धा वाहतोय. चाल दोधूची. एक हात उपरण्याखाली.

पूजेतून पिस्तूल उचललं. दाराआड उभा राहिलो. हात इतका स्थिर कधीच नव्हता. त्याने उपरण्याखालून मूठ काढली — मी चाप ओढला.

खट्. एवढंच!

"नाना, सोनं लई उनू." मुठीत आपट्याची पानं. तीन वर्षांनी आमच्या दारात! "काय वाजनं?"

"कडी," म्हणालो.

उजवा हात पाठीमागे होता. डावाच पुढे केला. "डावा हात? अजून राग शे का?" असं म्हणून हसला, माळ्यावरचं हसू. सौ. पदर डोळ्यांना लावून पाणी आणायला आत गेली.

शुद्ध एकादशी

पिस्तूल रिकामं करून पाहिलं. घोड्याखाली तांदळाचा दाणा, अर्धा चिरडलेला, कुंकवाने लाल. सौ.वर ओरडणार होतो. मग आठवलं — अक्षता माझ्याच हातच्या.

आज तेल दिलं नाही. दाणा तिथेच राहू दिला.