दादाचा कॅमशाफ्ट

११ नोव्हें.
दादाच्या गाडीचं इंजिन उघडलं. त्याला लकवा मारल्यापासून दोन पावसाळे घरामागे उभी होती. कॅमशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या दांड्यावर, तांबूस गंज, पण वरवरचा. मिस्त्री यादव भैया म्हणाले, "डीज़ल में डुबाके रखो, फिर बारीक पेपर, हल्के हाथ से. जल्दी मत करना."
दादा खाटेवरून, "गाडी चालू कर तू. ड्रायव्हर सीटवर मी सोताच जाऊन बसीन." आणि आपणहून पाय हलवला! कसरतीचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करणारा माणूस. वहिनी स्वयंपाकघरात जाऊन रडल्या.

१३ नोव्हें.
दोन दिवस घासतोय. चार बोटं जागा उजळली. उरला गावच्या कारखान्यात सव्वीस वर्षं सळ्यांचे गठ्ठे ॲसिडच्या हौदात बुडवले, वीस मिनिटांत गंज साफ. घरी मात्र पॉलिश पेपर घासत बसायचं? उद्या डबाभर ॲसिड आणतो.

१५ नोव्हें., रवि.
सकाळी शाफ्ट बादलीत घातला. तेवढ्यात वहिनींची हाक. दादाची अंघोळ, कपडे, चहा. बादली डोक्यातून गेलीच. दीड तास!
काढला तेव्हा पांढराशुभ्र. मी मूर्ख, खूश झालो.

१६ नोव्हें.
यादव भैयांनी नख फिरवलं. "ये सरिया नहीं है भैया." सगळीकडे बारीक खड्डे. सळी खरखरीत चालते, याला आरशासारखं गुळगुळीत लागतं. एवढंही सुचू नये मला? अति शहाणा त्याचा बैल रिकामा. "अब ये गया," म्हणाले.

१९ नोव्हें.
या मॉडेलचा शाफ्ट कुठेच नाही. भंगारवाले पण पालथे घातले. दादाला सांगायला दोनदा खोलीत गेलो, दोनदा पाणी देऊन परत आलो.

२१ नोव्हें.
आज दादा चिडला. "काहून बंद केलं बे काम? घासण्याचा आवाज नाही येऊन राहिला." कसरत केली नाही, जेवला नाही.

२२ नोव्हें.
जेवण झाल्यावर मागच्या ओट्यावर बसलो. मेलेला शाफ्ट मांडीवर, हातात पेपर. घासायला लागलो. खिडकीतून वहिनींचा आवाज, "एक... दोन..." दादा पाय उचलत होता. आज बारापर्यंत गेला.
मग आतून ओरडला, "किती राहिलं रे?"
"होऊन राहिलं, दादा."
हात सोलले आहेत. थांबलो की आतलं मोजणं थांबतं. उद्या सांगावं की उद्याही असंच घासत बसावं?