जर्दाळूच्या झाडाबद्दलची तक्रार

कळंब,
२९ मार्च २०२६

प्रिय आरती,

रविवार, २ नोव्हेंबर २०२५, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. ही वेळ अंदाजाने लिहिलेली नाही. हॉलमधल्या घड्याळात पाहिली होती, आणि दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं नुकतीच झाल्यामुळे मला कित्येक वर्षांनी काटे स्वच्छ दिसत होते. आमच्या शाळेत सिस्टर फिलोमिना कुणाचीही तक्रार ऐकायच्या, पण कागदावर, आणि सगळ्यात वर तारीख आणि वेळ. रडणं त्याखाली. कॉन्व्हेंटमधलं बाकी बरंच विसरले, एवढं राहिलं. तेव्हा ही तक्रार आहे, हे आधी समजून घे.

पाच आठवडे पुण्याला बहिणीकडे काढून, काळा चष्मा लावून मी घरी आले. किल्ली तुझ्याकडे होती. दर रविवारी मंचरहून येऊन झाडांची देखभाल कर, एवढंच तुला सांगितलं होतं. मागच्या अंगणात गेले तर माझं जर्दाळूचं झाड उघडंनागडं उभं. त्यावर पान म्हणून नाही. ठिबकची नळी मुडपून रबराने बांधलेली, माती भेगाळलेली, आणि ओरबाडलेल्या पानांचा ढीग कोपऱ्यात नीट झाडून लावलेला. म्हणजे हे वाऱ्याचं काम नव्हतं. तू शिडीवर होतीस. हातात शेवटची चार पानं, आणि चेहऱ्यावर असं हसू, जसं काही माझ्यासाठी बक्षीसच आणलं आहेस. "आई, ताण दिलाय," म्हणालीस.

ताण! तुझ्या माहेरी, तुझ्या वडिलांच्या डाळिंबाच्या बागेत पाणी तोडतात, पानं गाळतात, झाड आता जातंय असं वाटलं की पाणी सोडतात, आणि मग ते फुलतं. हे मला ठाऊक आहे, या भागात राहून कुणाला ठाऊक नसतं? पण हे डाळिंब नव्हतं. तुझ्या वडिलांनी, सयाजीरावांनी आयुष्यात जर्दाळू पाहिलाय तो दिवाळीच्या सुकामेव्याच्या डब्यात. आणि मुख्य म्हणजे तू मला विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी नाही म्हणाले असते, हे तुला माहीत होतं, म्हणूनच विचारलं नाहीस. हा चोरटेपणा आहे.

ते झाड या घरात कसं आलं, हे तरी तुला आठवायला हवं होतं. लग्नानंतर तुम्ही दोघं हिमाचलला गेलात आणि येताना गुडघ्याएवढं कलम घेऊन आलात, मुळांना ओलं गोणपाट गुंडाळलेलं. सुदर्शन मोठ्या ऐटीत म्हणाला होता, "आई, आता बाजारातनं जर्दाळू आणायचे नाहीत." दुसऱ्या दिवशी तो पुण्याला नोकरीवर गेला आणि कलम अंघोळीच्या बादलीत राहिलं. खड्डा तू खणलास. शेजारच्या बानूबाईंच्या मेंढवाड्यातून लेंडीखताच्या दोन पाट्या डोक्यावरून आणल्यास, नवी नवरी, हातात हिरवा चुडा. मंचरचा रोपवाटिकेवाला हसला होता, "मॅडम, हे थंडीचं झाड. इथं नुसती पानं मोजत बसाल." त्याला मी दोन शब्द सुनावून आले, पण माणूस खरं बोलत होता. अकरा वर्षं नुसती पानं. मी सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं, दर उन्हाळ्याआधी तू खोडाला चुना आणि गेरू लावलास, आणि झाड आयतं खाऊन सुखावलेल्या जावयासारखं पसरत गेलं.

मग सुदर्शन कॅनडाला गेला. पुढचं कागदोपत्री जे झालं ते दोघांच्या सहीने झालं, त्यात मी पडले नाही. मला वाटलं होतं, आता रविवार संपले. तर सह्या झाल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी साडेनऊच्या एसटीने तू हजर, पिशवीत गवार. मागच्या पायरीवर बसून निवडायला लागलीस. का आलीस हे मी विचारलं नाही आणि तूही सांगितलं नाहीस. चार वर्षं आपण त्या पायरीवर बसून निदान अर्धा एकर गवार निवडली असेल. गावाने विचारायचं ते विचारलं. बानूबाई तर तोंडावर म्हणाल्या, "काडीमोड झाला तरी सून येती, आन् ल्योक फोनवर बी न्हाई. लई नवलाचं घर हाय बाई तुमचं." मी म्हटलं, नवलाचं आहे, तुम्ही आपल्या मेंढ्या सांभाळा.

२ नोव्हेंबरला तू गेल्यावर पाच मिनिटांत मी रबर तोडून पाणी सोडलं. झाड हललं नाही. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, नुसत्या काड्या. यंदा थंडी कधी नव्हे एवढी पडली. मी रोज सकाळी स्वेटर घालून जायची, नखाने साल खरवडून आतला हिरवा रंग पाहायची आणि तुला शिव्या घालायची. काही शिव्या इंग्रजीत होत्या. रविवारी मात्र साडेनऊच्या सुमाराला मी स्वयंपाकघरात असते. आपलं फाटक आधी उचलून मग ढकलावं लागतं, हे तू सोडून कुणाला जमत नाही. बाकीचे सगळे खडखडवतात. इतके महिने फक्त खडखडाट ऐकते आहे. चहाला पाणी दोन कपांचंच ठेवते; हात ऐकत नाही. दुसरा कप नंतर मीच पिते, गार.

१५ फेब्रुवारीला बानूबाई कुंपणावरून ओरडल्या, "निर्मलाताई, झाडावर भुरी आली बघा! समदं पांढरं पडलंय!" भुरी म्हणजे रोगच. म्हटलं, आता हेही. फवारणीचा पंप भरला, पाठीवर घेतला, आणि झाडाखाली जाऊन नळी वर केली. माझ्या नव्या डोळ्यांनी मला वाचवलं. ती फुलं होती. एका पानाशिवाय, उघड्या काड्यांना चिकटून, पांढरी, कडेला किंचित गुलाबी. मी पंपासकट खाली बसले. बानूबाई घाबरून आत आल्या, वर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आरतीला कळवलं का?" मी म्हटलं, तुम्हाला काय करायचंय.

मी सुदर्शनला कळवलं. फोटो काढून पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं, एक अंगठा आणि खाली तीन शब्द: "छान! कसलं झाड?"

तो मजकूर मी बऱ्याच वेळा वाचला. चष्मा बदलूनही वाचला.

आता खरी तक्रार. दहा वाजून चाळीस मिनिटांनी तू पानं ओरबाडत नव्हतीस. ती त्याआधीच ओरबाडून झाली होती. दहा चाळीसला हॉलमध्ये, किल्लीसाठी हात पुढे करून, मी बोलले, "ते माझ्या मुलाचं झाड आहे. तू आता या घरची कोण लागतेस?" तू किल्ली टेबलावर ठेवलीस. या दारातून निघताना अकरा वर्षांत प्रत्येक वेळी "येते, आई" म्हणालीस. त्या दिवशी "जाते" म्हणालीस, आणि आई म्हणाली नाहीस. तुझ्याकडे बघवेना म्हणून मी घड्याळाकडे बघितलं. वेळ लक्षात राहिली ती अशी. गुन्हा नोंदवला आहे, तारखेसह. करणारी मी आहे. याखाली रडायची परवानगी होती, पण ते मी पत्र सुरू करण्याआधीच उरकून घेतलं.

झाडाला एकोणीस फळं धरली होती, अकरा राहिली आहेत, सुपारीपेक्षा थोडी मोठी. ऊन वाढतंय. पाणी वाढवायचं की बेताचं ठेवायचं? एका काडीवर तीन फळं दाटीने आहेत, त्यातलं एक काढायचं का? सावलीला जुनी साडी बांधली आहे, ती चालेल का? हे मला कुणाला विचारता येत नाही, कारण ज्यांना विचारावं त्यांनी असलं झाड फुलवलेलं नाही. फळं टिकली तर मे महिन्यात पिकतील, आणि पहिलं मी तोडणार नाही. किल्ली त्या दिवसापासून टेबलावरच आहे. मी फक्त तिच्याखालची धूळ पुसते.

उत्तर लेखी हवं. फोन नको, मेसेज नको, अंगठा तर मुळीच नको. भरत पोस्टमन चार वाजता येतो. शनिवार, १८ एप्रिल, दुपारी चारच्या आत तुझं उत्तर माझ्या हातात पडलं पाहिजे. स्वतः घेऊन आलीस तर साडेनऊची एसटी अजून त्याच वेळेला आहे.

तुझीच,
(इथला शब्द तू लिहायचा आहे म्हणून जागा सोडली आहे)
निर्मला