चावरे बूट

गुरुवार, माघ वद्य दशमी

वणीच्या देवीचं दर्शन घेऊन परतताना ह्यांनी मोटारसायकल वाइनरीत वळवली. म्हणाले, "द्राक्षांचा साधा रस पिऊ, कंबर मोकळी होईल."

दारातली चकचकीत फरशी बघून मी सवयीने चपला काढल्या. आत गेले तर सगळे बूट घालूनच बसलेले! मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात ह्यांनीही बूट काढले.

"अहो, तुम्ही कशाला?"

"चावतायत गं."

मग तासभर मळ्याकडे बघत दोघं अनवाणी बसलो. रस एकच घेतला, दोघांत. छान वाटलं.

आत्ता ते बूट पुसले. चार वर्षांचे, पार मऊ पडलेत. हे चावतात? हातात देवीचा प्रसाद असताना खोटं बोलले! रागवायला हवं खरं तर. जमत नाहीये.