उत्तर पूर्ण वाक्यात

नागोया, ११ फेब्रुवारी १९९४

ती. आजोबांस,
जयूचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

हे पत्र फक्त तुमच्यासाठी. आईबाबांना वाचून दाखवू नका. फोनवर बोलता येत नाही. तुम्ही सगळे पीसीओत रिसीव्हरभोवती कान लावून उभे असता.

मला पाचवा महिना लागला, ते तुम्हाला माहीत आहेच. हल्ली पोट अधूनमधून दगडासारखं घट्ट होतं आणि कंबरेतून कळ येते. अनय दर वेळी दवाखान्यात सोबत येतो. डॉक्टर विचारतात, उत्तर तोच देतो. शेवटी ‘दाइजोबु’ म्हणतो, म्हणजे सगळं ठीक. मी मधे बॅगेसारखी बसून असते. घरी त्याला कळांबद्दल सांगितलं, तर म्हणाला, पहिल्या खेपेला असं होतंच. तो वाईट नाही, आजोबा. कारखान्यातून येतो तेव्हा उभ्या उभ्या झोपेल इतका थकलेला असतो.

चौथ्या मजल्यावरचं घर. दारावरची घंटा वाजली तर बोलावं लागेल, म्हणून मी दार उघडतच नाही. त्याने आणलेल्या पुस्तकात नववा धडा ‘डॉक्टरांकडे’ असा आहे. त्यातले शब्द या कागदाच्या मागे लिहिले आहेत. डोक्यात एकही राहत नाही. तुम्ही आमच्या वर्गाकडून काहीही पाठ करून घ्यायचात, म्हणून पाठवते.

तुमची,
जयू

उज्जैन, २४ फेब्रुवारी १९९४

चि. सौ. जयूस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र उशीखाली ठेवलं आहे. तुझ्या बाबांनी विचारलं तेव्हा, बर्फाचं वर्णन आहे, म्हणालो.

शब्द बाल्कनीत बसून घोकले. तिसऱ्या मजल्यावरून नानाखेड्याच्या बसेस दिसतात, त्यांच्या हॉर्नवर ठेका धरला. आमच्या काळी कविता आधी कानात जायची, अर्थ मागाहून यायचा. अजून पहाटे जाग आली की पाचवीतल्या कविता आपोआप ओठांवर येतात, समोर वर्ग नसला तरी. तर घे, हे पाढ्याच्या चालीवर म्हण:

डोके आतामा, पोट ओनाका,
दुखते इताइ, लपवू नका.
छाती मुने, भीती कोवाइ,
जीव गुदमरला, कुरुशीइ बाई.

‘बाई’ माझी, यमकाला हवी होती. तो कुरुशीइ शब्द फार आवडला. छाती दाटली तरी तोच, मन कोंडलं तरी तोच, असं तू लिहिलंस. किती शहाणी माणसं.

आता अभ्यास. अनयरावांच्या आधी तू बोलायचं, एकच वाक्य, तुझ्या धड्यातलं ‘गा’ मधे आणि ‘देसु’ शेवटी लावून. नुसतं ‘पोट’ म्हणून गप्प बसायचं नाही. उत्तर पूर्ण वाक्यात. माझ्या वर्गात अर्ध्या वाक्याला अर्धा गुणसुद्धा नव्हता, आठवतं ना?

लोभ आहेच, पोस्टाला लागतील तेवढे दिवस तो पुरवून ठेव.

तुझा,
यज्ञेश्वर आजोबा

नागोया, ९ मार्च १९९४

ती. आजोबांस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

नापास झाले. वाक्य अगदी दातांपर्यंत आलं होतं. डॉक्टरांनी वर पाहिलं, तोवर अनयचं दाइजोबु होऊन गेलं होतं. परतताना बसमध्ये तुमची कविता म्हणत रडले. कळा वाढल्या आहेत. पुढची तारीख २८ मार्च.

आईने लिहिलंय, तुम्ही जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबता आणि विचारलं की बुटाची नाडी सुटली म्हणता. तुमच्या बुटांना नाडी कधीपासून आली? मला शिकवणारे मास्तर स्वतः धडा करतात का, तेवढं कळवा.

तुमची नापास,
जयू

उज्जैन, २० मार्च १९९४

चि. सौ. जयूस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

हे स्पीड पोस्टाने पाठवतो आहे, २८च्या आत मिळू दे.

तुझं पत्र वाचून लाज वाटली. छाती भरून येते, हे मी कुणाला बोललो नव्हतो. सांगितलं की सुहास, तुझा बाबा, जिना बंद करेल. देवास गेटच्या वाचनालयापर्यंतची फेरी त्याने दिवाळीतच बंद केली, आता उरली फक्त बाल्कनी. तीही जाईल, ही भीती.

परवा त्याने मला डॉक्टरांकडे नेलं. दरवेळी होतं तेच झालं. डॉक्टरांनी विचारलं, सुहास म्हणाला, कुछ नहीं डॉक्टर साब, बाबूजी को गैस रहती है. डॉक्टर खाली मान घालून लिहायला लागले. मला एकदम तू दिसलीस, बॅगेसारखी बसलेली. तोंड उघडलं आणि दिवसभर घोकलेलं तेच बाहेर पडलं, मुने गा कुरुशीइ देसु, छाती गुदमरते.

डॉक्टरांचं पेन थांबलं. सुहासला वाटलं, बाबूजींच्या डोक्यावर परिणाम झाला. पण जयू, चार वर्षांत पहिल्यांदा डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, क्या बोले गुरुजी? मग मी साध्या हिंदीत सांगितलं. त्यांनी विचारलं, कब से? तिथे मात्र गडबडलो, यही दो-चार दिन, म्हणालो. इंदूरला तपासणीची चिठ्ठी दिली आहे. सुहासने ती खिशात जपून ठेवली. आता जिना उतरताना हात धरतो.

२८ तारखेला मी सकाळपासून बाल्कनीत बसेन. तू मराठीत ओरडलीस तरी चालेल, पण तुझ्याकडे पाहू दे त्यांना.

आशीर्वाद या वेळी जरा जास्त.
यज्ञेश्वर आजोबा

नागोया, ३१ मार्च १९९४

ती. आजोबांस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

हे पत्र इस्पितळातून लिहिते आहे. घाबरू नका, बाळाचे ठोके चांगले आहेत.

आत गेल्या गेल्या, खुर्चीत बसण्याआधीच म्हणून टाकलं, ओनाका गा इताइ देसु, कोवाइ देसु, पोट दुखतं, भीती वाटते. चाल पाढ्याचीच लागली. अनय माझ्याकडे बघतच राहिला. डॉक्टरांनी खुर्ची त्याच्याकडून माझ्याकडे वळवली आणि विचारलं, इत्सु कारा? म्हणजे कधीपासून. याचं उत्तर तुमच्या कवितेत नव्हतं. मग मी सगळं मराठीत सांगितलं, फेब्रुवारीपासूनचं, न उघडलेल्या दाराचंही. डॉक्टर माझ्याकडे बघत ऐकत राहिले. अनयने जपानीत सांगितलं, पण या वेळी एकेक वाक्य, माझं होतं तसंच. दाराचं वाक्य सांगण्याआधी त्याने मला पुन्हा एकदा विचारून घेतलं.

बाळ लवकर येऊ पाहतं आहे म्हणतात. बाळंतपणापर्यंत पलंगावरून उठायचं नाही. म्हणजे पुन्हा कोंडलेलीच, फक्त मजला बदलला. पण नर्स आली की विचारते आणि मी सांगते.

आईबाबांनाही आजच लिहिलं आहे, खरं तेच.

आता तुमचा अभ्यास. दो-चार दिवसांवर माझा विश्वास नाही. इंदूरला जायच्या आधी बाबांना समोर बसवा.

इत्सु कारा, आजोबा? उत्तर पूर्ण वाक्यात.

तुमची,
जयू