शिक्का तुमचा, शब्द माझे

प्रिय आप्पा,

हातातली पिशवी खाली ठेवा आणि आधी नीट बसा. बातमीच तशी आहे. तो हरला! तुमचा तो ‘दूरदेशी’, ज्याच्याशी दोन वर्षं तुम्ही माझ्या बोटांनी भांडलात, त्यानं काल सगळ्यांसमक्ष लिहिलंय, “हुपरीकर, मी हरलो. माणूस पुढे चाललाय.” क्लासमधल्या कॉम्प्युटरवर ते वाचलं आणि शिकवता शिकवता मी उभीच राहिले. पोरींना वाटलं, मॅडमना करंट बसला.

तुम्हाला जाऊन चार महिने झाले. इतके दिवस मी त्या साइटवर फिरकलेही नव्हते. तिथं अजून कुणालाच माहीत नाही की हुपरीकर आता उत्तर देणार नाहीत. म्हणून बातमी आधी तुम्हाला. तिच्याबरोबर एक कबुलीही आहे, तीही आधी तुम्हालाच द्यायला हवी.

सुरुवात कशी झाली, आठवतं का? दर बुधवारी तुम्ही हुपरीच्या यष्टीनं कोल्हापूरला यायचा, गुजरीत सराफांकडं चांदीची पैंजणं पोचवायचा आणि परतीच्या गाडीला वेळ असायचा म्हणून माझ्या कॉम्प्युटर क्लासात येऊन टेकायचा. अशाच एका बुधवारी मी मराठीतल्या चर्चेची ती साइट वाचत होते. विषय होता, ‘माणूस खरंच सुधारतोय का?’ अमेरिकेत राहणारा कुणी दूरदेशी लिहीत होता की मोबाईल आला, इंटरनेट आलं, पण माणूस बिघडला. जुनं गाव, जुनी कारागिरी, तेच खरं सुख. मी सहज मोठ्यानं वाचलं आणि तुम्ही ताडकन उठलात.

“कोन हाय हे पावणं? जुनं सुख म्हनं! ये म्हनावं हुपरीला. चाळीस वर्सं फुंकणीनं जाळ फुंक, ऊर भाजून घे, मग सांग सुख कशात हाय ते. लिही की. बघत काय बसलीस?”

मी लिहायला लागले. इंग्रजी अक्षरं दाबली की पडद्यावर मराठी उमटत होतं. ते बघून तुम्ही घटकाभर भांडणच विसरलात. “आयला, ह्यात आपली मराठी कुनी भरली?” म्हणून त्या मशीनच्या मागं जाऊन वाकून बघितलंत. नाव काय लिहू विचारलं, तर म्हणालात, “हुपरीकर. आनि काय?”

मग काय, प्रत्येक बुधवार आपलाच! तुम्ही फळ्यापासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत सांगायचा, मी टाइप करायची. शेवटी वाचून दाखवायचं, एक शब्द इकडचा तिकडं झालेला तुम्हाला खपायचा नाही. पान छापून घ्यायचा, चार घड्या घालून खिशात. अधल्यामधल्या दिवशी फोन यायचा. मी कशी आहे, पोरं काय करतात, काही नाही. थेट, “आलं का त्याचं उत्तर?”

दूरदेशीनं लिहिलं होतं, मतदानाचं मशीन खेड्यातल्या माणसाला काय कळणार. त्यावर तुम्ही आपल्या आळीतल्या म्हातारीला आणून उभं केलंत. ती बटण दाबून आली आणि म्हणाली, “ह्ये बेस हाय. घडी घालायची कटकट न्हाय.” त्या एका वाक्यावर आठ दिवस साइटवर हसणं चाललं होतं. मला तुमचा इतका अभिमान वाटायचा, आप्पा! सातवी शिकलेला माझा बाप, आणि तिकडचे इंजिनियर त्याला उत्तरं शोधत बसलेत!

पण एक विचारू? दोन वर्षांत एकदा तरी म्हणालात का, “विजू, तुला काय वाटतं?”

आता कबुली. मागल्या वर्षी दूरदेशीनं एक खोचक सवाल टाकला. तुमच्याकडं बाई सरपंच होते, पण खुर्चीत नवरा बसतो, ही कसली प्रगती? तुम्ही नुसते हसलात. “त्याला लिही, सही बाईची हाय ती पुरे. कारभार ज्याला कळतो त्यानं बघावा. बायकास्नी काय त्यातलं?” एवढं बोललात आणि गाडी चुकेल म्हणून निघालात. वाचून न घेता निघालात, असं तेव्हाच पहिल्यांदा झालं.

मी तुमचं वाक्य टाइप केलं आणि पुसलं. माझ्या डोळ्यांसमोर अव्वा होती. सोप्यात बसून, चिमट्यानं एकेक कडी गुंफणारी. तुमच्या संसारात आली तेव्हापासून गुंफतेय. मी लिहिलं, “दूरदेशी, इथं तुम्ही मला धरलंत. माझी बायको जन्मभर कड्या गुंफते, मी नुसता जाळावर सांधा देतो आणि वर माझा शिक्का मारतो. तिचं अक्षर एकाही पैंजणावर नाही. तिला काय वाटतं ते मी कधी विचारलं नाही. माणूस सुधारायचा असेल, तर आधी हुपरीकरानं सुधारलं पाहिजे.” खाली तुमचं नाव. आणि दिलं पाठवून.

साइटवर नुसती वाहवा झाली. दूरदेशी मात्र गप्प झाला तो झालाच. पुढच्या बुधवारी तुम्ही आला नाहीत, खोकला बळावला होता. रविवारी मी घरी आले तेव्हा साइटवरची लोकांची उत्तरं छापून तो गठ्ठा तुमच्या हातात दिला. घाईत ते पानही त्यातच गेलं. परतीच्या गाडीत लक्षात आलं. बोलणी खायची तयारी ठेवून मी पुढच्या रविवारी आले. तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. वाटलं, वाचलंच नसेल.

आणि आता हा दूरदेशी लिहितो काय? “म्हातारपणी एक कारागीर स्वतःला असं बोलू शकतो, तर माणूस सुधारतो. मी महिनोन्‌महिने विचार केला. मी हरलो.” आप्पा, म्हणजे तो तुमच्यापुढं हरला, पण ज्या शब्दांनी हरला ते तुमचे नव्हतेच. तुम्ही तर नेमकं उलटं म्हणाला होता.

आणि हे मी केलं तेही कुणाच्या नावावर? गुजरीतल्या त्या व्यापाऱ्यानं दुसऱ्याच्या हलक्या टंचाच्या, भेसळ चांदीच्या पैंजणांवर तुमचा शिक्का मारा म्हटलं, तेव्हा तुम्ही सगळा माल गोळा करून त्याच्या पेढीवरून उठला होता. “दुसऱ्याच्या मालावर आपला शिक्का न्हाय, आन् आपल्या मालावर दुसऱ्याचा न्हाय.” हे लहानपणापासून ऐकत आले. आणि मीच माझ्या मालावर तुमचा शिक्का मारून बसले! आनंद व्हायला आणि लाज वाटायला एकच वेळ. काल जेवण गेलं नाही.

आज सकाळी उठून हुपरी गाठली. अव्वापुढं बसून सगळं सांगून टाकलं. तिचा चिमटा काही थांबला नाही. कडीत कडी घालत म्हणाली, “मला म्हाईत हाय की.”

“तुला कुणी सांगितलं?”

“त्यांनी वाचून दाखीवलतं. दोनदा. म्हनले, पोरीनं माज्या तोंडी तिचं घातलंय. लई रागावलते. मग चष्मा काढला आन् मला इचारलं, तुला असं वाटतं व्हय? मी म्हनलं, जन्मात पयल्यांदा इचारतायसा, जरा इचार तरी करू द्या.”

“मग?”

“मग रोज इचारायचे. सकाळी च्या घेताना. झाला का इचार? मी म्हनायची, व्हतोय. आन् सांगायचं ऱ्हाऊनच गेलं बघ.”

आप्पा! तुम्ही विचारलंत! ज्या पानावर नावाखेरीज तुमचं एक अक्षर नव्हतं, ते वाचून तुम्ही अव्वाला विचारलंत, आणि रोज विचारत राहिलात. मी यष्टीत हसत होते, रडत होते, शेजारच्या बाईनं पाणी दिलं. पण मला का नाही सांगितलंत? इतके दिवस मी चोरासारखी वावरले. एक शिवी तरी हासडायची होती.

तर आता शब्द देते. येत्या बुधवारी साइटवर आधी तुम्ही गेल्याचं लिहीन. मग ते शब्द माझे होते हे लिहीन, खाली माझं नाव घालून. नंतर तुम्ही रोज काय विचारत होता ते. लोक हसले तर हसू देत. आणि अव्वा माझ्यासोबत क्लासात येणार आहे. तिचा विचार झालाय म्हणे. ती सांगेल तसं टाइप करीन, वाचून दाखवीन, कानामात्रा माझी घालणार नाही. निघताना दारात उभी राहून तिनं बजावलंय, “त्या पावण्याला सांग, इतक्यात हरू नगो म्हनावं. माजं ऐकायचं ऱ्हायलंय.”

आता स्वतःच्या नावानं लिहिणारी,
तुमची विजू