थोरलीचं शिंग

१२ जानेवारी

सकाळी उठल्याबरोबर काठी घेतली, बाहेर गेलो आणि बर्फात खुपसली. टण्ण! भर जानेवारीत रात्रभर पाऊस, आणि पहाटे त्याचं गोठून दगड. जमिनीवरचं पांढरं शेवाळ आता काचेखाली — दुकानात मांडल्यासारखं. बघा, पण खाऊ नका.

देवाने रेनडियरला काय कमी दिलंय? पोकळ केसांचा कोट. गार श्वास आत जाताजाता ऊबदार करणारं नाक. हिवाळ्याच्या काळोखातही दिसावं म्हणून निळे होणारे डोळे. थंडीत कडा धारदार होणारे खूर. सगळी तयारी थंडीची. पावसाचं देवाला कुणी कळवलं नसावं. तक्रार नाही, नुसतं लिहून ठेवतो.

१३ जानेवारी

थोरली दिवसभर खुराने ठोकत होती. माझी म्हातारी मादी. सगळा कळप हिच्या घंटेमागे चालतो. शेवटी वीतभर खड्डा झाला. लगेच दुसरी तोंड घालायला आली, तर थोरलीने शिंग दाखवलं. नरांची शिंगं हिवाळ्याच्या तोंडाशीच गळतात, गाभण माद्यांची राहतात. आमच्या घरीही हीच व्यवस्था आहे.

बायको, राउदना, म्हणाली, कुंपणापलीकडे जुनी झाडं आहेत, फांद्यांना काळं शेवाळ लोंबतंय, तिथे बर्फाचं काही चालत नाही. जसं काही मला माहीतच नाही! पण तिथली चराई तिच्या भावाची, हेआइकाची. मी म्हटलं, बघू.

१५ जानेवारी

पोत्यातली पेंड टाकली. वासरांना हगवण लागली. शेवाळावर वाढलेलं पोट एका दिवसात बदलत नाही. माझं डोकं तर कित्येक वर्षांतही नाही — हे राउदनाचं म्हणणं.

१७ जानेवारी, रविवार

प्रार्थनाघरात हेआइका पुढच्याच बाकावर. शेवटी सगळ्यांनी गळ्यात हात टाकून एकमेकांची क्षमा मागितली. मीही मागितली — त्याच्या डावीकडच्याची आणि उजवीकडच्याची. त्यानेही तितक्याच भक्तिभावाने मला वगळलं.

भांडण एका कानाचं. उन्हाळ्यात कळप एकत्र येतात, तेव्हा ज्याच्या मादीमागे वासरू चालतं, तो त्याच्या कानावर आपली खूण कापतो. काही वर्षांपूर्वी त्या धावपळीत थोरलीचं वासरू हेआइकाच्या मादीमागे गेलं. त्याने सुरी चालवली. मी ओरडलो, तर म्हणाला, "दाजी, ते कुणाच्या मागे आहे ते बघा की." कापलेला कान शिवता येत नाही. ते वासरू आता मोठी मादी झालंय, हेआइकाच्या कळपात. तेव्हापासून तो मला दिसत नाही. माझे डोळे हिवाळ्यात निळे होत नाहीत ना!

१९ जानेवारी

सकाळी एक वासरू उठलंच नाही.

राउदनाने कॉफी समोर ठेवली. "तुम्हाला कळप वाचवायचाय की कान?" कॉफी तशीच ठेवून कुंपणाकडे गेलो.

थोरली कुंपणाला नाक लावून पलीकडे बघत उभी आहे. हेआइकाशी आमचं बोलणं बंद आहे, हे तिला कुणीतरी समजावून सांगायला हवं. गुडघे टेकून देवाला म्हटलं, वाट दाखव. वाट तर फाटकातूनच जाते. आणि फाटकाला तार मीच गुंडाळलीय.

२० जानेवारी

हेआइकाच्या दारात टोपी काढली. म्हटलं, "जनावरं मरतायत. तुझ्या जंगलात येऊ दे."

तो म्हणाला, "मग फाटक कशाला बांधून ठेवलंत, दाजी? पाऊस पडला त्या दिवसापासून तुमच्या जनावरांसाठी कुंपणालगतच्या फांद्या पाडतोय मी."

तार सोडली. थोरली पुढे, कळप मागे. पहिल्याच फांदीशी ती खायला लागली. तेवढ्यात कानावर हेआइकाची खूण असलेली एक मादी आली आणि तिने त्याच फांदीला तोंड लावलं. थोरलीने शिंग उगारलं. हुंगलं. शिंग खाली घेतलं आणि बाजूला सरकून तिला जागा दिली.

हेआइकाने पाहिलं. मीही पाहिलं. इतक्या वर्षांनी त्या वासराचा पुरावा मिळाला.

मी म्हटलं, "कॉफी आहे का?"