डोंगराच्या अलीकडची खोली

मी, एलादिओ बाउतिस्ता, वय सव्वीस, धंदा भट्टीचा गवंडी, मूळ गाव आवाकातित्ला, वास्तेकाच्या डोंगरातलं, हल्ली मुक्काम मोन्तेरेई, पाण्याच्या टाकीपासून वर एकशे बारा पायऱ्या, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. दारू घेतलेली नाही. कोणी दम दिलेला नाही. शाळेत चौथीपर्यंत गेलो, त्यामुळे अक्षर जसं येतं तसं येतं.

सप्टेंबर हा मृत्युपत्रांचा महिना, नोटरी लोक अर्ध्या फीमध्ये काम करून देतात. त्यांच्याकडच्या कारकूनबाईंनी मला सांगितलं की कोणाला काय द्यायचं ते आधी घरून स्वतः लिहून आणा, मी ते कायद्याच्या भाषेत बसवते. मी विचारलं, मनात आहे तेही लिहू का? त्या म्हणाल्या, लिहा, मी गाळेन. तर बाई, गाळा, पण पाचवं कलम जपून गाळा.

या वयात मृत्युपत्र कशाला, असं त्यांनी विचारलं होतं. त्याचं उत्तर तोरिबिओ. तो आमच्याच ठेकेदाराकडे होता. जुलैमध्ये कारखान्याच्या भट्टीचं जुनं विटांचं अस्तर काढताना वरच्या विटा त्याच्या अंगावर आल्या. त्याच्यासोबत चार वर्षं राहिलेल्या बाईकडे लग्नाचा कागद नव्हता. तोरिबिओचा भाऊ गावाहून आला, तो म्हणे खोली माझी. दोघं भांडत कचेरीत बसले होते तेवढ्यात तिसऱ्याच कोणी कुलूप फोडून आत बिऱ्हाड मांडलं. गुरुवारी तोरिबिओला पुरला आणि शनिवारी त्याच्या खिडकीत परक्यांचे कपडे वाळत होते. एकोणीस तारखेच्या सोमवारपासून त्याच भट्टीत मी उतरणार आहे.

कलम १. माझ्याकडे एक खोली आहे, साडेचार मीटर बाय सहा. चारही भिंती मी स्वतः रचल्या, रविवार सोडून, कारण रविवारचं काम वेगळं होतं, ते पुढे येईल. वर अजून पत्रे आहेत, पत्र्यांवर दगड. जागेचा कागद म्हणजे वस्तीच्या समितीची चिठ्ठी. या डोंगरावर चिठ्ठीपेक्षा मोठा कायदा एकच, जो रात्री तिथे झोपतो त्याची खोली.

ही खोली ओतिलिया एर्नांदेस हिला द्यावी. ती माझी लग्नाची बायको नाही. ती डोंगराच्या पलीकडे, सान पेद्रोमध्ये, चौदा खोल्यांच्या बंगल्यात कामाला असते आणि तिथेच राहते. अलीकडे आम्ही, पलीकडे ते, मधल्या डोंगराच्या पोटातून बोगदा. त्यांच्या गाड्या माझ्या खोलीच्या खालून जातात आणि संध्याकाळी जमीन हलकी थरथरते. वर खडकावर जाऊन उभं राहिलं की तो बंगला दिसतो. या उन्हाळ्यात आमच्या नळाला सात आठवडे पाणी नव्हतं. शेजारच्या तोन्या मावशी, वय अडुसष्ट, बादल्या घेऊन एकशे बारा पायऱ्या चढत होत्या. त्या बंगल्याचं गवत मात्र हिरवंगार. मी खडकावरून त्या गवताकडे बघायचो. माणसाने गवतावर जळावं का? मी जळलो.

कलम २. हत्यारं: दोन थाप्या, एक लेव्हल, विटा तोडायचा हातोडा, दोरीचा ओळंबा. सगळं शेजारच्या चेमाकाकांना, तोन्या मावशींच्या नवऱ्याला. हातोडा त्यांचाच होता, मी परत केला नाही. लेव्हल माझी आहे, ती त्यांनी परत करायची नाही.

कलम ३. माझा थोरला भाऊ फिदेन्सिओ याला काही नाही. वडिलांनी खेचर विकून त्याला मास्तरकीच्या शाळेत घातलं आणि त्याच वर्षी मला चौथीतून काढून कॉफी तोडायला लावलं. त्याने पुस्तकं वाचली, मी टोपल्या वाहिल्या. आता तो मला फोनवर निरोप पाठवतो आणि मी चुकीचं बोललो की दुरुस्त करतो. दादा, तुझा मला हेवा वाटतो, अजूनही वाटतो, हे मी लेखी देतो. वडिलांच्या कॉफीच्या मळ्यातला माझा वाटा तू आधीच खातोस, तो तसाच खा. खोलीसाठी इकडे यायचं नाही. आलास तर चेमाकाका पायऱ्यांवरच बसलेले असतील.

कलम ४. निळं जाकीट. कारखान्यातले कायम कामगार निळं जाकीट घालतात, छातीवर कारखान्याचं चिन्ह. ते आत बसून गरम मांस जेवतात. आम्ही ठेकेदाराची करड्या कपड्यांतली माणसं, फाटकाबाहेर उकिडवं बसून खातो. भट्टी तीच, राख तीच, त्यांच्या नाकातूनही काळंच निघतं. मी एक जुनं निळं जाकीट बाजारातून घेतलं आणि पहिल्या भेटीला घालून गेलो. रविवारी आमच्या भागाकडच्या पोरी, बंगल्यांत काम करणाऱ्या, सगळ्या शहरातल्या मोठ्या बागेत जमतात. ओतिलिया तिथे होती. तिने जाकिटाकडे पाहिलं आणि विचारलं, कोणाचं आणलंस? मी म्हणालो, माझं. ती म्हणाली, कायम कामगार या बागेत येत नाहीत, ते मॉलमध्ये जातात. मग तिने मला अर्धं कणीस दिलं. ते जाकीट कोणालाही देऊ नये, जाळावं.

कलम ५. रेनाता. ही त्या बंगल्यातली मुलगी, वय पाच. ओतिलियाने तिला दहा दिवसांची असल्यापासून वाढवलं. तिच्या आईला मी दोष देत नाही, ती बाई कधी ओरडत नाही असं ओतिलिया सांगते. पण मुलीला ताप आला की रविवार गेला. मुलीचा दात हलायला लागला, रविवार गेला. मुलगी रडते म्हणून गेला. आठवड्यातला एकच दिवस मला होता आणि तोही एक एवढीशी पोर खाऊन टाकायची. मी सव्वीस वर्षांचा आणि पाच वर्षांच्या पोरीशी माझं भांडण. ते फक्त मला माहीत होतं.

जुलैच्या शेवटच्या रविवारी मालकीणबाई लग्नाला गेल्या आणि ओतिलिया रेनाताला घेऊन बागेत आली. दोन आठवड्यांनी भेट होत होती. बाकावर पोर आमच्या दोघांच्या मधे बसली, पांढरे मोजे घालून. मी ओतिलियाशी आमच्या गावच्या बोलीत बोललो, नावात्लमध्ये. मोन्तेरेईच्या लोकांना ती कळत नाही. आमच्या गावातली पोरंसुद्धा हल्ली ती बोलायला लाजतात. म्हणून बेधडक बोललो. म्हणालो, पुढच्या रविवारी बाईला सांग गावी आई आजारी आहे, दोन दिवस घे, माझ्या खोलीवर ये, आणि हे लोढणं घरीच राहू दे.

ओतिलियाने माझा हात दाबला. मला वाटलं प्रेमाने दाबला.

तेवढ्यात मधून आवाज आला, आमच्याच बोलीत, अगदी आवाकातित्लाच्या हेलात: "ओतीची आई आजारी नाहीये. काल फोनवर बोलली ती. आणि मी लोढणं नाहीये."

पोर पुढे म्हणाली, "ओती माझी आहे. तू दुसरी बघ."

ओतिलिया तिच्याशी पहिल्या दिवसापासून ती बोली बोलत होती. अंगाई त्यात, आंघोळ त्यात, रागावणं त्यात. मी मनात धरलं होतं की ही बोली आमच्या पोरांना मिळेल, आणि ती तर आधीच दिली गेली होती, पांढऱ्या मोज्यांच्या पोरीला. त्या दिवशी मी जळलो तसा भट्टीतही कधी जळलो नाही.

मग मी वाईट बोललो. ओतिलियाला विचारलं, तुझ्या पोटची असती तर तिचं एवढं केलं असतंस का? ती उठली, पोरीला उचललं आणि बस पकडायला गेली. घरी पोरीने सगळं आईला सांगितलं, खोट्या आजाराचंही. मालकीणबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त सांगितलं की यापुढे रविवारची सुट्टी एकाआड एक. तेव्हापासून ओतिलिया माझा फोन उचलत नाही. दोष माझा आहे. पोरीचा किती, ते मला अजून ठरवता येत नाही. रेनाताला मी काही देत नाही. ओतिलियाचे सोमवार ते शनिवार तिच्याकडे आधीच आहेत.

~~कलम ६. वर दिलेली खोली ओतिलियाला एका अटीवर मिळेल. ती त्या खोलीत दर रात्री स्वतः झोपेल. पलीकडच्या बंगल्यात झोपली तर खोली तिची राहणार नाही. तिने दुसऱ्या कोणाशी लग्न केलं तर तो माणूस या खोलीत पाय ठेवणार नाही.~~

कलम ७. मला गावी नेऊ नये. इथेच पुरावं, तोरिबिओच्या रांगेत. गावी नेलं तर फिदेन्सिओ भाषण करेल.

रविवारी एवढं लिहून झालं. पुढचं शुक्रवारी, सोळा तारखेच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीला लिहीत आहे.

कारकूनबाईंनी सांगितलं होतं की वारसाचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख लागेल. मला जन्मतारीख माहीत नव्हती. तीन वर्षं बागेत बसलो आणि कधी विचारली नाही, याची लाज वाटली. फोन ती उचलत नव्हती. बोगद्यातून पायी जाता येत नाही, म्हणून डोंगर वरून ओलांडून मी पलीकडे उतरलो. दुपारची वेळ. घराघरांत झेंडे लावलेले, मागच्या अंगणांतून भाजलेल्या मांसाचा धूर. मी बंगल्याच्या मागच्या फाटकाची घंटा वाजवली. ओतिलिया हात पुसत आली.

"कोणी मेलं का?" ती म्हणाली.

"नाही अजून. तुझी जन्मतारीख सांग."

"दीड महिना तोंड दाखवलं नाहीस आणि आज जन्मतारीख? लग्न लावतोयस की माझ्या नावावर कर्ज काढतोयस?"

मी कागद गजांतून आत दिला. ती सहावीपर्यंत शिकली आहे, भराभर वाचते. जाकिटाशी ती हसली. पाचव्या कलमाशी बराच वेळ थांबली.

"मी तिच्याशी आपलं बोलते, बरोबर लिहिलंयस," ती म्हणाली. "या चौदा खोल्यांत माझं बोलणं कळणारं दुसरं आहे कोण? तू आठवड्यातून एकदा भेटतोस आणि त्यातला अर्धा वेळ रुसून बसतोस. मी काय भिंतींशी बोलू?"

मी तिला पुढचं वाच म्हणालो.

मग ती सहाव्या कलमाशी आली आणि कागद खाली केला. "हे खोड."

मी तिला तोरिबिओच्या बाईचं सांगितलं. रिकामी खोली दोन दिवस टिकत नाही, कोणीतरी झोपायलाच हवं, असं सांगितलं.

"हे त्यासाठी लिहिलं नाहीस तू. मी कुठे झोपायचं आणि कोणाबरोबर, ते मेलेल्या माणसाने मला सांगायचं नाही. जिवंत आहेस तोवर विचार, मी उत्तर देईन. खोली टिकवायची तर सिमेंटचं छत घाल. पत्र्याची खोली कोणीही उचकटतो."

मी म्हणालो, छताला माणसं लागतात. आमच्याकडे छत एका दिवसात ओततात, गावची सगळी माणसं येतात, बादल्यांची रांग लावतात, मजुरी कोणी घेत नाही. पण जेवण घालावं लागतं, आणि ते घरच्या बाईने रांधायचं असतं. माझ्याकडे घरची बाई नाही, म्हणून दोन वर्षं पत्रे आहेत. हे मी तिला आजवर सांगितलं नव्हतं.

घरातून पोरीने तिला हाक मारली, आमच्या बोलीत, आणि तिने त्याच बोलीत आले म्हणून उत्तर दिलं. मला आजही जळजळ झाली. ती कोणाच्या नावावर करता येत नाही, मी तपासलं.

"कोणत्या रविवारी ते सांग," ओतिलिया म्हणाली, "म्हणजे मी आत्ताच सुट्टी मागते."

तिची जन्मतारीख तीन मे. सहावं कलम मी फाटकाशीच खोडलं, तिच्या पेनाने.

कलम ८. छत रविवार, दोन ऑक्टोबरला ओतलं जाईल. गावच्या माणसांना निरोप गेले आहेत. ओतिलिया साकाविल करणार आहे, मक्याच्या पिठाचा आणि मांसाचा, केळीच्या पानात भाजलेला, माणसाच्या मांडीएवढा, तीस जणांना पुरेल असा. त्याची भट्टी तोन्या मावशींच्या अंगणात लावावी. मी कारखान्याच्या भट्टीतून धड बाहेर आलो तर रांगेत सगळ्यात वर मी उभा राहीन. नाही आलो तरी दिवस बदलू नये. माझ्या जागी चेमाकाकांनी उभं राहावं आणि रांग मधे थांबवू नये, माझ्यासाठी रडायलासुद्धा नाही, कारण ओतायला घेतलेलं मधे थांबलं की तिथेच भेग जाते.

काम संपल्यावर ओतिलिया सगळ्यांना वाढून मग जेवायला बसेल, तिला तशीच सवय लागलेली आहे. तसं करू देऊ नये. त्या दिवशी पहिलं ताट तिचं. घर तिचं आहे.

येणेप्रमाणे लिहून दिलं, वाचून पाहिलं, अंगठाही उठवला.

एलादिओ बाउतिस्ता

साक्षीदार:
१. होसे मारिआ रेसेन्दिस, ऊर्फ चेमा. कलम सहा खोडलेलं मी पाहिलं. हातोडा मला आठवतो.
२. अंतोनिया दे ला क्रूस, ऊर्फ तोन्या. सही येत नाही, अंगठा. भट्टी लावू देईन.

स्थळ: मोन्तेरेई, डोंगराच्या अलीकडे
तारीख: १८ सप्टेंबर २०२२, रविवार